सिस्टरबाईंचे रंगीत मोती

सिस्टरबाई बाहेरून आल्या की आधी कानातले काढायच्या आणि मग चपला. पिशवी काखेत दाबून दारातच उभ्या राहायच्या, एकेक मोती सोडवायच्या आणि तळहातावर घेऊन आत यायच्या. ओट्यावर कुणी पाहुणा बसलेला असला तरी त्याच्याशी बोलणं नंतर. कुरखेड्याला एका शाळेत मला क्लार्कची नोकरी लागली आणि मी त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार पाहिला. मला वाटलं, बाईंचे कान दुखत असतील.

त्या निवृत्त नर्स होत्या. निम्मी नोकरी भामरागडच्या बाजूच्या खेड्यांत झालेली. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे. लहानथोर सगळे सिस्टरबाईच म्हणत. उंच, हाडाने दणकट, केस पांढरेशुभ्र. अंगावर सुती साडी, मनगटावर घड्याळ, सोन्याचा एक मणी नाही. आणि कानात मात्र आज जांभळाच्या रंगाचे मोती, उद्या मोरपंखी, परवा लाल पेरूच्या गरासारखे फिके गुलाबी. तरुणपणी विधवा झालेल्या बाईने या वयात कानात असे रंग घालावेत, याचं गावाला फार नवल. त्या मयतीलासुद्धा कानातले घालून जात. फक्त त्या दिवशी तपकिरी जोड असे. शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या होत्या की बाईचं डोकं थोडं सरकलेलं आहे, पण माणूस चांगला आहे. रात्री-बेरात्री कुणाच्याही बाळंतपणाला धावते.

बाहेर जायचं असलं की घरात एक ठरलेला क्रम असे. आधी केसांना तेल, मग पावडर, मग मानेला थोडंसं अत्तर. त्यानंतर त्या हात धुऊन पंख्याखाली उभ्या राहत, सगळं अंगात जिरेपर्यंत. मोती शेवटी. परत आल्यावर मोती पहिल्यांदा बाहेर. जुन्या मलमलच्या तुकड्याला पाण्याचा नुसता हात लावायचा, पिळून घ्यायचा, मोत्यावरून फिरवायचा, मग मोती कोरड्या तुकड्याने टिपायचा आणि बशीत थोडा वेळ उघडा ठेवायचा. त्यानंतरच ज्याच्या त्याच्या कापडी थैलीत. प्लास्टिकच्या पिशवीत कधी नाही, आणि दोन जोड एका थैलीत तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं, घाम, तेल आणि अत्तर मोत्याचं तेज खातात आणि ऊन रंग खातं. एकदा मी मोबाईलवर टूथपेस्टने दागिने घासायचा व्हिडिओ पाहत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि त्या दिवशी माझ्याशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

त्यांचा हा छंद घरापुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. पण आठवडी बाजारात कुणा अनोळखी बाईच्या कानात मोती दिसले आणि आभाळ भरून आलेलं असलं, की त्या तिला थांबवून कानातले काढून पदराच्या गाठीत बांधायला सांगत. एका लग्नात नवरीची मामी नटूनथटून अत्तराचा फवारा मारत होती. सिस्टरबाईंनी तिचा हात वरच्या वर धरला आणि आधी कान मोकळे करायला लावले. मामी चिडली. लग्नघरात दोन तट पडले. बाई शांतपणे पंगतीत बसून वरणभात जेवल्या. आपण भांडण लावलं असं त्यांना वाटलंच नव्हतं. ताप आलेल्या मुलाला कुणी गोधडीत गुंडाळलं तर त्या ज्या आवाजात ओरडत, त्याच आवाजात त्या मामीला बोलल्या होत्या. त्यांच्याकडे रागवायचा तो एकच आवाज होता.

सोनं का घालत नाही, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. एका दुपारी विजेचा पत्ता नव्हता, आम्ही ओट्यावर मोहाची टोळं, म्हणजे त्या झाडाची फळं, सोलत बसलो होतो, तेव्हा त्यांनीच सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. तेराव्याच्या आत सासरच्या बायकांनी गळ्यातलं, हातातलं, कानातलं सगळं उतरवून घेतलं. पुढे त्यांनी नर्सिंग केलं, भामरागडकडे नेमणूक झाली. पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ता बंद, मग ज्या गावात असू तिथेच मुक्काम. अशाच एका गावात एका घरी त्या बरेच दिवस अडकल्या. त्या घरातल्या माडिया बायकांच्या कानांत, गळ्यात भरपूर दागिने, मणी. त्यांना या नर्सचे रिकामे कान पाहून कोडं पडलं. विकले का, हरवले का, असं त्या खाणाखुणा करून विचारू लागल्या. बाईंनी मोडक्यातोडक्या माडियात नवऱ्याचं सांगितलं. घरची म्हातारी ऐकत होती. तिने विचारलं, नवरा मेला हे समजलं, पण कान तर तुझेच आहेत ना. आणि सगळ्याजणी हसल्या.

"मले बी हासू आलं," सिस्टरबाई म्हणाल्या. "लय वर्षांनी आलं."

रस्ता सुरू झाल्यावर त्या चंद्रपूरला गेल्या. सराफाच्या दुकानासमोरून नुसत्याच पुढे गेल्या. सोनं दुसऱ्यांनी अंगावर घातलं होतं आणि दुसऱ्यांनीच उतरवलं होतं. ते पुन्हा नको वाटलं. एका चकचकीत दुकानातून त्यांनी स्वतःच्या पगारातून जांभळे मोती घेतले. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की हा समुद्रातला मूळ रंग आहे. महिनाभरात घामाने रंग उतरला आणि पांढऱ्या युनिफॉर्मच्या कॉलरवर जांभळे डाग पडले. लसीकरणाला आलेल्या बायका त्या डागांकडे बोट दाखवून हसत. बाई पुन्हा दुकानात गेल्या, तर तो मालक घामालाच दोष देऊ लागला. मग गल्लीतल्या एका छोट्या दुकानात शिरल्या. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने मोती हातात घेतला आणि सरळ सांगितलं की हा नदी-तलावातल्या शिंपल्यांतला मोती आहे, मोती खरा आहे, रंग मात्र माणसाने दिलेला आहे, आणि तोही वाईट दिलेला आहे. चांगला दिलेला रंग कसा ओळखायचा ते त्याने त्यांना बसवून शिकवलं. तेव्हापासून त्यांचं दुकान तेच.

मी सिंदेवाहीकडची. आमचं घर ढिवरांचं, मासेमारी तलावावर. शिंपले आमच्या पायांखालीच असत. त्यांच्या टरफलाने आई कैऱ्यांची सालं काढायची. त्याच जातीच्या जिवाच्या पोटात असा मोती तयार होतो, हे मला सिस्टरबाईंकडूनच कळलं. तलावानेच माझा डावा कानही नेला होता. लहानपणी दिवसभर पाण्यात असायचे, कान वाहू लागला, घरचे तेल घालत राहिले आणि एक दिवस त्या बाजूचं ऐकू येणं संपलं. पुढे त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मुलीची जात, बाहेर कळायला नको, एवढंच. मीही युक्त्या शिकले होते. बोलणाऱ्याच्या डावीकडे बसायचं, म्हणजे तो माझ्या उजव्या कानाशी येतो. गर्दीत ओठांकडे पाहायचं. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

सिस्टरबाईंना आठवड्याभरात कळलं. मी भांडी घासत होते. त्यांनी डावीकडून येऊन काहीतरी विचारलं, मी तशीच घासत राहिले. त्या वळसा घालून उजवीकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाजूनं ऐकू येत नाई का तुले?"

मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला हे सरळ विचारलं होतं.

त्यांनी चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे मला नेलं. पहाटेची गाडी धरून, वडसा, सिंदेवाही मागे टाकत आम्ही पोचलो. डॉक्टर भले होते. त्यांनी नीट तपासून सांगितलं की हा कान आता परत येणार नाही, दुसरा उत्तम आहे, त्याला जपा. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. इतकी वर्षं मला ते माहीतच होतं, पण कुणी सांगितलेलं नव्हतं. सिस्टरबाई शेजारी उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवणं वगैरे त्यांना जमत नसे. माझं रडून झाल्यावर त्यांनी मला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "चाल, मोती पाहू."

म्हातारा दुकानदार आता नव्हता, त्याचा मुलगा गल्ल्यावर होता. बाईंनी आत शिरताच नेहमीचा प्रश्न विचारला, "रंगवलेले आहेत ना?" तो हसून हो म्हणाला. मगच त्या बसल्या. जो रंग कबूल करत नाही त्याच्या दुकानात बसायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी ट्रे उचलून सरळ दाराबाहेर उजेडात आणला. ट्यूबलाइटखाली सगळेच मोती देखणे दिसतात, असं त्या म्हणाल्या. मग एकेक करून मला दाखवायला लागल्या. भोकाजवळ पाहा, तिथे रंग काळपट साचला असेल तर तो ठेवून दे. ओल्या पांढऱ्या रुमालावर घास, रुमाल रंगला तर ठेवून दे. मोत्यात समोरच्या खिडकीचे गज दिसले पाहिजेत, नुसताच चुन्यासारखा पांढुरका उजेड नको. जोडीतले दोन्ही अगदी एकसारखे नसतात, नसू देत. दोन हात लांबून पाहिलं तर एका घरचे वाटले म्हणजे झालं. हूक चांदीची घे, पितळेने कान चिघळतो. मोती हलकेच फिरवून बघ, डुगडुगला तर चिकटवलेला सुटणार.

मला पांढरे हवे होते. त्यांनी नको म्हटलं नाही. आरसा धरला आणि म्हणाल्या की हातावर ठेवून पाहू नकोस, कानाशी धर. पांढरे माझ्या सावळ्या रंगावर छान दिसत होते, पण माझी नजर एका करड्या-हिरव्या जोडाकडे जात होती. तलावाच्या काठच्या झाडाखाली पाणी जसं दिसतं तसा रंग. मी तो उचलला आणि उजव्या कानाशी धरला.

"डाव्या कानाले लावून पाह्य," सिस्टरबाई म्हणाल्या. मी थांबले. "ऐकत नाई म्हणून त्याले काई घालाचंच नाई का?"

दुकानदार दुसरीकडे पाहू लागला. मी डाव्या कानात मोती घातला. आरशात बराच वेळ पाहत राहिले. तो जोड मी घेतला.

त्याच वर्षी मला स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, दोन एकर धानाची शेती. आई-बाबा आनंदात. मध्यस्थाला कानाचं सांगितलेलं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. बघण्याच्या दिवशी खुर्ची कुठे ठेवायची, मी कोणत्या बाजूला बसायचं, हे आईने आधीच ठरवून ठेवलं होतं. गावी निघण्याआधी मी सिस्टरबाईंना विचारलं, सांगू का त्यांना? त्या बशीतले मोती टिपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कान तुझा आहे." बस, एवढंच. मला राग आला. सगळ्या जगाला सल्ले देणारी बाई नेमकी इथे गप्प बसली होती.

आईने मामीचे सोन्याचे कानातले माझ्यासाठी मागून आणले होते. मी माझे मोती घातले. पाहुणे आले, पोहे झाले, नोकरीबद्दल विचारून झालं. मुलाची आई जवळ येऊन बसली, माझ्या उजव्या बाजूला, माझ्या आईने ठरवलं होतं तशीच. तिने मोत्याला हात लावून विचारलं की हे खरे का खोटे.

मी म्हणाले, "मोती खरे आहेत. रंग दिलेला आहे." आणि तोंड उघडलेलंच होतं, म्हणून पुढे म्हणाले, "आणि मले डाव्या कानानं ऐकू येत नाई. लहानपणापासून."

बाबा जमिनीकडे पाहत होते. मुलाच्या आईने हात मागे घेतला. मुलगा काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या मामाने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळे उठले. जाताना चांगलंच बोलले. आठवड्याने मध्यस्थाकडून नकार आला. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आईने ते सोडलं नाही. ती रोज फोन करून रडायची आणि एका सकाळी गाडीत बसून तडक कुरखेड्याला आली.

मी शाळेतून आले तेव्हा ती ओट्यावर बसली होती आणि सिस्टरबाई दारात. त्या मोती काढायचं विसरल्या होत्या, हे मी आधी पाहिलं.

"तुमी माह्या पोरीचं लगन मोडलं," आई म्हणत होती. "तुमाले का, तुमाले ना पोरगी ना सून. तिच्या कानात हे घातलं आन् तिच्या डोक्यात बी घातलं."

मी मध्ये बोलायला गेले, तर सिस्टरबाईंनी मला हाताने थांबवलं. आईचं सगळं बोलून होऊ दिलं. आत जाऊन पाणी आणलं. आई पाणी प्याली. मग त्या तिच्याजवळ खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू का बाई? तुमी हिले घरात हाक मारता, तं कोन्या बाजूनं मारता?"

आईने रिकामा पेला खाली ठेवला. मी यावर कधी विचार केला नव्हता. आई नेहमी वळसा घालून यायची. चुलीशी, तलावाच्या काठावर, बाजारात गर्दीत, ती माझ्या उजवीकडेच असायची. मी लहान होते तेव्हापासून. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

"उजवीकडूनच मारतो," आई शेवटी म्हणाली. "डावीकडून तिले कुठी ऐकू येते."

"तुमाले माहीत होतं म्हणून पोरगी एवढी मोठी झाली," सिस्टरबाई म्हणाल्या. "जो घेऊन जाईन त्याले बी माहीत पाह्यजे ना, कोन्या बाजूनं हाक माराची. नाई तं तो हाका मारत राह्यीन आन् पोरगी वळून पाह्यतच नाई म्हणून हात बी उचलीन एखाद दिवशी."

आई पदर तोंडाला लावून रडली. सिस्टरबाई तशाच बसून राहिल्या. त्यांना तेव्हाही पाठीवरून हात फिरवता आला नाही. चहा झाला. आई त्या रात्री माझ्या खोलीत झोपली, माझ्या उजव्या बाजूला. सकाळी निघताना तिने सिस्टरबाईंच्या कानाकडे पाहून विचारलं की हे मोती रिठ्याच्या पाण्यात धुतले तर चालतात का. झालं. तिची गाडी चुकली. रिठा का नको, चिंच का नको, हे सगळं ऐकूनच तिला जाऊ दिलं.

पुढचं स्थळ यायला वेळ लागला. या वेळी बाबांनीच मध्यस्थाला आधी सांगितलं, नाराजीने का होईना. जो माणूस आला त्याने बसायच्या आधी विचारलं की कोणता कान, आणि आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणली. त्याच्याशी माझं लग्न झालं. आमच्यात भांडणं होतात, पण आवाज पोचला नाही म्हणून अजून एकही झालं नाही. लग्नात सिस्टरबाई आल्या होत्या, मोरपंखी मोती घालून, आणि मामींच्या अत्तराच्या बाटल्यांवर त्यांचं बारीक लक्ष होतं.

नंतर माझी बदली झाली. सिस्टरबाई विहिरीजवळ घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांची भाची त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. मधे मोठी साथ आली, जाणं-येणं बंद होतं. मी गेले तेव्हा त्या खिडकीपाशी खाटेवर बसलेल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी खाटेवर अशा ठिकाणी हात आपटला की मी बसल्यावर माझा उजवा कान त्यांच्याकडे व्हावा. आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या कानात काही नाही.

भाचीने चहा करताना सांगितलं. मावशीने सगळे जोड वाटून टाकले. पट्टी करायला येणारी सिस्टर, दूधवाल्याची बायको, खालच्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी, जी येईल तिला खिडकीच्या उजेडात बसवून निवडायला लावलं. कुणी पटकन उचललं तर परत ठेवायला लावायची. एकीला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावलं.

मी आत येऊन म्हणाले की माझ्यासाठी एकही ठेवला नाही.

"तुले कायले?" त्या म्हणाल्या. "तुझी निवड झाली ना कधीचीच."

त्या माझ्या कानातल्या मोत्यांकडे बघत होत्या. त्यांनी एक बोटात धरला, खिडकीकडे वळवला, भोकाजवळ डोळे बारीक करून पाहिलं, आणि सोडला. काही चूक सापडली नसावी. मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. माझ्या मुलीच्या शाळेचं, यंदाच्या पावसाचं, कुरखेड्यात कोण गेलं आणि कोणाला नात झाली. त्या मधेच थकून डोळे मिटत आणि पुन्हा तिथूनच बोलणं उचलत.

निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांचा कान अगदी माझ्या डोळ्यांसमोर आला. पाळी सुरकुतलेली, लोंबलेली. आणि तिच्या भोकात कडुलिंबाची एक बारीक काडी खोचलेली. दुसऱ्या कानातही. लहान मुलीचे कान टोचल्यावर घालतात तशी.

मी विचारलं, हे काय.

"भोक बुजते ना रिकामं ठेवलं तं," त्या म्हणाल्या. "मंग एखादा जोड आवडला तं घालाचा कुठी?"